सीमेवर कुंपण घालायचे तर हिशेब कसा मांडायचा

बातमी साधारण अशी असते: अमुक किलोमीटर सीमेवर कुंपण, अमुक हजार कोटी मंजूर. म्यानमार सीमेचेच बघा. लांबी १,६४३ किलोमीटर, कुंपण आणि लगतचे रस्ते मिळून अंदाजे खर्च ३१,००० कोटी रुपये. भागाकार केला की किलोमीटरला सुमारे १८.९ कोटी. इथवर सगळे येतात आणि इथेच थांबतात. मग एक म्हणतो, सुरक्षेपुढे पैशाचे काय घेऊन बसलात. दुसरा म्हणतो, एवढ्यात किती शाळा झाल्या असत्या. हिशेब दोघांकडेही नसतो.

तो मांडता येतो. त्यासाठी एक कोरी वही, संसदेतल्या प्रश्नोत्तरांतले काही आकडे आणि थोडा संयम पुरतो. खाली जिथे ‘समजा’ म्हटले आहे तिथला आकडा गृहीत आहे. तुम्ही ज्या टापूचा विचार करत असाल तिथला खरा आकडा मिळवून तो बदला.

आधी ठरवा: अडवायचे काय?

‘सीमा कडक करणे’ हे उद्दिष्ट म्हणून निरुपयोगी आहे. गुरे, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, सोने, बनावट नोटा, कामाच्या शोधात येणारा मजूर, शस्त्रे घेऊन येणारी टोळी या सगळ्यांची वाट, वेळ आणि हिंमत वेगळी असते. प्रत्येकासाठी वेगळे पान करा. पानाच्या डोक्यावर एकच प्रश्न लिहा: हे नेमके कुठून येते?

याचे उत्तर पुष्कळदा अडचणीचे असते. व्हिसा घेऊन रीतसर नाक्यातून आलेला आणि मुदत संपल्यावर परत न गेलेला माणूस कुठल्याच तारेला शिवत नाही. त्याला शोधायचे तर परदेशी नागरिकांच्या नोंदणीची व्यवस्था सुधारावी लागेल. अशा माणसांचा आकडा दाखवून कुंपणाचा खर्च मागणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. २००८ चा मुंबईवरचा हल्ला तर समुद्रातून, पळवलेल्या मासेमारी नौकेच्या आडून झाला. तेव्हा पश्चिमेच्या जमिनीवरच्या सीमेवर शेकडो किलोमीटर कुंपण उभे होतेच.

सीमेचे तुकडे पाडा

बांगलादेश सीमा ४,०९६.७ किलोमीटर. त्यातली निम्म्याहून अधिक, २,२१७ किलोमीटरच्या आसपास, एकट्या पश्चिम बंगालला लागून. सरकारने २०२५ च्या सुरुवातीला संसदेत दिलेल्या माहितीनुसार ३,२३२ किलोमीटरवर कुंपण झाले होते आणि ८६४ किलोमीटर बाकी होते. बाकीतल्या १७४ किलोमीटरवर नदी, दलदल अशा कारणांनी कुंपण शक्यच नाही. हा उरलेला भाग उरला आहे तो अवघड म्हणूनच. त्यामुळे आजवरच्या खर्चाची सरासरी काढून ती पुढच्या किलोमीटरला लावू नका. सोपी जमीन आधी संपते.

तुकडे पाच-दहा किलोमीटरचे घ्या आणि प्रत्येकासाठी चार गोष्टी नोंदवा: जमीन कशी आहे, तारेपासून सर्वात जवळची वस्ती किती दूर, गस्तीचा रस्ता बारमाही आहे का, आणि शेजारच्या तुकड्यात काय आहे. दुसऱ्या नोंदीला फार महत्त्व आहे. थरच्या वाळवंटात घुसलेल्या माणसाला मैलोनमैल चालावे लागते आणि वाळूत पाऊल उमटते. तिथे जवान सकाळी ‘खुरा’ म्हणजे पावलांचा माग काढतात. बंगालमध्ये तारेला लागून गाव असते. माणूस दोन गल्ल्या ओलांडतो आणि गावचाच होऊन जातो.

कुंपण मिनिटे विकत घेते

सगळ्या हिशेबाची किल्ली इथे आहे. कुंपण माणसाला कायमचे अडवत नाही, उशीर करवते. त्या उशिराच्या आत कोणी पोहोचले तरच पैसे वसूल.

समजा, तार कापून आत यायला ३ मिनिटे लागतात. पहिले घर ४०० मीटरवर. झपाझप चालत ४ मिनिटे. एकूण ७ मिनिटे. आता जवानाची बाजू. सेन्सरचा इशारा येऊन कॅमेऱ्यात खात्री पटायला २ मिनिटे, गस्तीची तुकडी दीड किलोमीटरवर. पायी गेली तर १५ मिनिटे, म्हणजे एकूण १७. पाहुणा केव्हाच गायब. तीच तुकडी मोटारसायकलवर ताशी २० किलोमीटरने गेली तर साडेचार मिनिटे, एकूण साडेसहा. पकडला.

दोन्ही वेळा कुंपण तेच आहे. फरक पडला तो रस्त्याने. म्हणून रस्ता आणि कुंपण यांचे खर्च वेगवेगळे मागा आणि ‘नुसता रस्ता’ हा पर्यायही वहीत लिहा. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की कुंपणाने विकत घेतलेली तीन मिनिटे फुकट जातात.

हेच दुसऱ्या रीतीने मांडता येते: दिसण्याची शक्यता, ओळख पटण्याची शक्यता आणि वेळेत पोहोचण्याची शक्यता यांचा गुणाकार. समजा ०.९, ०.८ आणि ०.५. गुणाकार ०.३६, म्हणजे शंभरात छत्तीस. महागडे सेन्सर लावून पहिला आकडा ०.९५ केला तर ३८. तिसरा आकडा ०.८ केला तर जवळजवळ ५८. पैसे मात्र बहुधा पहिल्या आकड्यावर खर्च होतात, कारण उद्घाटनाला दाखवायला कॅमेरा बरा दिसतो. आसामात धुबरीजवळ ब्रह्मपुत्रेच्या पात्रात ६१ किलोमीटरसाठी २०१९ मध्ये सेन्सर-कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवली गेली, आणि तिथे ती योग्यही आहे. पात्र सरकते, ‘चर’ म्हणजे पात्रातली वाळूची बेटे बुडतात, तार टिकत नाही. तरी बोट आणि बोट चालवणारा हवाच. सेन्सर विकत घेताना खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण विचारा. रात्रीत चाळीस वेळा गाय, वारा किंवा कुत्रा निघाला की एक्केचाळिसाव्या वेळी कोणी उठत नाही.

खर्चाची बाजू: तारेपेक्षा माणूस महाग

एक पहारा चोवीस तास चालवायला तीन पाळ्या, म्हणून तीन माणसे असे धरले तर चूक होते. वर्षाचे ८,७६० तास भरायचे असतात. रजा, प्रशिक्षण, आजारपण, साप्ताहिक सुटी वजा जाता एक जण ८ तासांचे साधारण २३० दिवस देतो, म्हणजे १,८४० तास. भागाकार ४.८. एका जागेला पाच माणसे धरा.

माणसामागे खर्च किती? नुसता पगार धरू नका. शिधा, गणवेश, वाहने, निवास, कार्यालय सगळे त्यात येते. सोपी युक्ती अशी: सीमा सुरक्षा दलाचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे २८,२०० कोटी, संख्याबळ सुमारे २.६५ लाख. माणशी वर्षाला सुमारे १०.६५ लाख. निवृत्तिवेतन यात बरेचसे येत नाही, म्हणजे खरा आकडा वरच जाईल.

आता १० किलोमीटरच्या डोंगराळ तुकड्याचा हिशेब करून पाहू. समजा १२ पहाऱ्याच्या जागा, म्हणजे ६० माणसे. त्यातली ३५ आधीच तिथे आहेत. इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो: आधीपासून असलेला खर्च नव्या निर्णयाच्या माथी मारू नये. नवीन २५ माणसे, वर्षाला २.६६ कोटी.

कुंपण आणि रस्ता, सुरुवातीच्या किलोमीटरला १८.९ कोटी या दराने, १८९ कोटी. आयुष्य २० वर्षे, व्याजदर ८ टक्के धरल्यास, व्याजासह वीस समान वार्षिक हप्ते पाडायला भागायचा आकडा ९.८२; वर्षाला १९.२५ कोटी. देखभाल भांडवली खर्चाच्या ३ टक्के, म्हणजे ५.६७ कोटी. आयुष्याबाबत उदार होऊ नका. बंगालच्या दमट हवेत पहिल्या टप्प्यातली तार गंजून ती बदलावी लागली, आणि काश्मीरच्या नियंत्रण रेषेवर दर हिवाळ्यात बर्फाखाली कुंपणाचा काही भाग मोडतो व उन्हाळ्यात पुन्हा उभारावा लागतो. तुमच्या तुकड्यात दरडी कोसळत असतील तर ३ चे ६ टक्के करून पाहा.

तारेपलीकडचे शेत

बांगलादेश सीमेवर कुंपण शून्य रेषेवर, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेवर, नसते. दोन्ही देशांमधल्या १९७५ च्या सीमाविषयक नियमांनुसार शून्य रेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणविषयक बांधकाम करता येत नाही, म्हणून भारत साधारण तेवढे अंतर सोडून आत तार घालतो. म्हणजे १३७ मीटरची पट्टी पलीकडे जाते, आणि काही ठिकाणी त्याहून जास्त, कारण सीमा वळणे घेते आणि कुंपण शक्य तितके सरळ जाते. पट्टीत भारतीय शेते आहेत, कुठेकुठे घरेही. फाटक ठराविक वेळांना उघडते, ओळखपत्र दाखवून नोंद करून जायचे, बंद व्हायच्या आत परतायचे. ताग किंवा मका कमरेवर गेला की पहारेकऱ्याला पलीकडचे दिसत नाही, म्हणून उंच पिकांवर हरकत येते.

हा खर्च सरकारी अंदाजपत्रकात नसतो, म्हणून तो शून्य धरला जातो. धरू नका. समजा तुकड्यात ४०० शेतकरी, दिवसाला सरासरी एक तास फाटकापाशी वाया, वर्षातले १२० कामाचे दिवस, तासाची मजुरी ५० रुपये: २४ लाख. त्यात उंच पीक न घेतल्याचा तोटा, जमिनीची पडलेली किंमत आणि रात्री दवाखाना गाठण्याची अडचण मिळवा. पंजाबात तारेपलीकडच्या जमिनीसाठी एकरी वार्षिक भरपाईची सोय करावी लागली, यावरून हा तोटा खराच असतो हे कळते. भरपाई वेळेवर मिळते का, हे गावात जाऊनच कळेल.

नियम वाकवून १५० यार्डांच्या आत तार घालायची तर पलीकडच्या दलाची संमती लागते. जानेवारी २०२५ मध्ये मालदा आणि कूचबिहारकडे अशाच कामांवरून काम थांबले, दोन्ही देशांनी एकमेकांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला. रखडलेल्या कामाचे व्याजही खर्चात येते.

एकूण: १९.२५ अधिक ५.६७ अधिक २.६६ अधिक ०.२४. दहा किलोमीटरला वर्षाला सुमारे २७.८ कोटी.

नाक्यावरचा तास

कडक सुरक्षा म्हणजे फक्त तार नव्हे. नाक्यावरची तपासणीही आली, आणि सर्वात मोठा छुपा खर्च तिथेच असतो. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालानुसार भारत-बांगलादेश सीमेवरचा पेट्रापोल-बेनापोल नाका ओलांडायला मालाला १३८ तास लागत. त्यातले २८ तास एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्यात भरण्याचे. समजा नव्या तपासणीमुळे रोजच्या ३०० ट्रकना प्रत्येकी एक दिवस जास्त थांबावे लागले आणि थांबलेल्या ट्रकचे दिवसाचे भाडे ३,००० रुपये. दिवसाला ९ लाख, ३०० दिवसांचे २७ कोटी. म्हणजे एका नाक्यावरचा एक दिवसाचा उशीर वर्षभरात दहा किलोमीटर डोंगराळ कुंपणाच्या सगळ्या वार्षिक खर्चाएवढा.

नाशिक जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बांगलादेश हे अनेक वर्षे भारतीय कांद्याचे मोठे गिऱ्हाईक राहिले. ताडपत्रीखाली उभ्या कांद्याला मोड येतात, वजन घटते, आणि भाव ठरतो तो पोहोचलेल्या मालाचा. नाशवंत मालासाठी भाड्याच्या जोडीला रोजच्या घटीचे टक्के वेगळे लावा. उलट बाजूही नोंदवा: पूर्ण ट्रक पाहणारे स्कॅनर आणि धोक्यानुसार निवडक तपासणी यांनी सुरक्षा वाढून वेळ वाचू शकतो. पैसा एका जागीच घालायचा असेल तर आधी इथे घालून पाहावा, असे आमचे मत.

फायद्याची बाजू: जप्तीचे आकडे फसवतात

‘यंदा जप्ती दुप्पट’ या वाक्यातून काहीच कळत नाही. तस्करी वाढली म्हणून जप्ती वाढली, की पहारा सुधारला म्हणून? २०२४ मध्ये पंजाब सीमेवर बीएसएफने जवळपास ३०० ड्रोन पकडले; आदल्या वर्षी शंभरच्या वर होते. हे यश, की तारेने अडलेला माल आकाशमार्गे गेल्याची खूण? दोन्ही. जप्तीऐवजी भाव पाहा. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भावातला फरक वाढला, वाहकाची मजुरी वाढली, तर धोका खरोखर वाढला आहे. बाजारात माल त्याच भावाने मिळत असेल तर जप्ती ही तस्कराच्या धंद्यातली घट एवढीच.

दुसरी चूक मालाच्या किमतीलाच फायदा मानण्याची. एक कोटीचे सोने चोरून आले तर देशाचे एक कोटी बुडत नाहीत, शुल्क बुडते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणले. ६ टक्क्यांनी पाहिले तर आपल्या तुकड्याचे २७.८ कोटी नुसत्या सोन्यावर वसूल करायला वर्षाला सुमारे ४६३ कोटींचे सोने अडवावे लागेल. १५ टक्क्यांनी १८५ कोटींचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शुल्ककपातीने तस्कराचा नफा एका रात्रीत घटला आणि एक खांबही रोवावा लागला नाही, हेही ‘पर्याय’ या रकान्यात लिहा. मेघालयात २०११ मध्ये कलाईचर इथे सुरू झालेला सीमेवरचा हाट, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गावकऱ्यांचा बाजार, हा त्याच जातीचा उपाय: चोरून होणारी देवघेव उघड्यावर आणायची.

शस्त्रे आणि हल्ले यांचे गणित निराळे. घटना क्वचित, नुकसान अफाट. तिथे उलटा प्रश्न विचारा: खर्च वसूल व्हायला शक्यता किती घटली पाहिजे? समजा एका मोठ्या हल्ल्याचे नुकसान २,००० कोटी. मग २७.८ भागिले २,०००, म्हणजे वर्षाची शक्यता १.४ टक्के-बिंदूंनी घटली पाहिजे, आणि तीही या दहा किलोमीटरमुळे. ज्या वाटेने टोळ्या खरोखर येतात तिथे हे पटण्यासारखे आहे. जिथे वर्षानुवर्षे फक्त गुराखी जातात तिथे नाही.

आधी-नंतरची तुलना करताना

नियंत्रण रेषेवरचे कुंपण २००४ मध्ये पूर्ण झाले आणि घुसखोरी घटली, असे सांगतात. घटली खरी. पण नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधीही झाली होती, आणि कुंपण पूर्ण करणे शक्य झाले तेही बरेचसे तोफा थांबल्या म्हणून. श्रेय कोणाला किती, हे नुसत्या आधी-नंतरच्या आकड्यांतून निघत नाही.

दुसरी काळजी शेजारच्या तुकड्यांची. पाणी अडवले की वळण शोधते. ज्या १० किलोमीटरवर काम झाले त्याच्या दोन्ही अंगांच्या २०-२० किलोमीटरचे आकडे त्याच तक्त्यात ठेवा. मध्ये १०० घटले आणि कडेला ८० वाढले तर फायदा २० चा. अमेरिकेने १९९४ मध्ये सॅन दिएगोजवळ पहारा वाढवला तेव्हा लोक अॅरिझोनाच्या वाळवंटाकडे वळले. येणे-जाणे महाग झाल्यावर हंगामी मजूर घरी परतण्याऐवजी तिथेच राहू लागले, हा अभ्यासकांचा निष्कर्षही लक्षात ठेवण्याजोगा. कुंपण आत येणाऱ्यासारखेच बाहेर जाणाऱ्यालाही अडवते.

रुपयांत न बसणारा रकाना

काही नोंदी रुपयांत आणू नका. आणल्या तर त्या आकड्याआड लपतात. तारेजवळ गोळीने मेलेली माणसे, तस्करांच्या हल्ल्यात जखमी झालेले जवान, तारेने तोडलेली हत्तींची वाट, दोन देशांत विभागलेले कुटुंब. नागालँडमधल्या लोंगवा गावात सीमा थेट अंगाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, घरातून जाते. तिथे तार कुठून नेणार, हा प्रश्न कोणत्याही व्याजदराने सुटत नाही. मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी २०२४ मध्ये म्यानमार सीमेच्या कुंपणाविरुद्ध ठराव केले. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की ज्या गावकऱ्यांकडून गस्तीला खबर मिळते तेच नाराज होतील. खबर मिळेनाशी झाली तर मघाच्या गुणाकारातला पहिला आकडा, दिसण्याचा, घसरतो. किती, ते अंदाजाने का होईना, लिहा आणि गुणाकार पुन्हा करा.

शेवटी तीन आकडे बदलून सगळा हिशेब पुन्हा चालवा: कुंपणाचे आयुष्य २० ऐवजी १२ वर्षे, पोहोचण्याची शक्यता ०.५ ऐवजी ०.३, आणि काम पूर्ण व्हायला तीन वर्षे जास्त. तिन्ही वेळा तुकडा फायद्यात राहिला तर तिथे तार घाला. एकदा जरी तोट्यात गेला तर आधी रस्ता, दिवे आणि माणसे देऊन दोन पावसाळे आकडे नोंदवा. म्यानमार सीमेवर मणिपूरमधल्या मोरेहजवळच्या नाक्याचा टापू आणि अरुणाचलचे निर्मनुष्य डोंगर एकाच दराने मंजूर करण्याआधी हे एवढे तरी होऊन जावे.